माडीवरचे उस्ताद

बातमी आली तेव्हा मी वर्गात होते. औरंगपुऱ्यातल्या आमच्या मुलींच्या वर्गाला अंगण नाही. उंबरठ्याबाहेर लगेच गल्ली, त्यामुळं येणाऱ्या माणसाच्या आधी त्याची सावली आत येते. दुपारची वेळ, मुली पाढे म्हणत होत्या, आणि फळ्यावर एक लांब सावली पडली ती तिथंच थांबली. वळून पाहिलं तर शहागंजच्या छापखान्याचे मालक मुनीरमियां. टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती. म्हणाले, "छापखाना आज बंद हाय." मी म्हटलं, बरं, उद्या येते. ते हलले नाहीत. ईदच्या दिवशीही संध्याकाळी उघडणारा, पटकीच्या साथीत सगळं शहर ओस पडलं तरी खडखडत राहिलेला तो छापखाना... तो बंद आहे, याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मुलींचा पाढा तेवढ्यात कधीतरी थांबला होता.

गेली ती झुलेखाबी. मुनीरमियांची बायको. मी तिला आपा म्हणायची. तुम्ही या पुरवणीचे वाचक तिला ओळखत नाही असं तुम्हाला वाटत असेल, पण तुम्ही ओळखता. मराठवाड्यात ज्या घरात चांदणी छाप केसतेलाची बाटली आहे, त्या घरात आपाच्या हातचं चित्र आहे. विडीच्या बंडलावरचं मान वळवून बघणारं हरीण तिचं. अत्तराच्या कुपीवरचा अर्धवट उमललेला गुलाब तिचा. हिमरू शालीच्या खोक्यावर फिरणारी वेल तिची. पण औरंगाबादेत कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो सांगेल, ही कारागिरी उस्तादांची. छापखान्याच्या माडीवर मुनीरमियांचे दूरचे चुलते राहतात, तब्येतीनं अधू आहेत, कुणाला भेटत नाहीत, पण हात असा की बघत राहावं. असे कुणी चुलते नव्हते. माडीवर आपा होती. हे मी आज पहिल्यांदा छापून सांगते आहे, आणि का सांगते आहे तेही पुढं येईल.

मी त्या माडीवर पहिल्यांदा गेले ती भांडायच्या तयारीनं. ज्या राज्यात चार मुली गोळा करून वर्ग चालवायचा तरी सरकारची परवानगी मागावी लागते, त्या राज्यात आम्ही ती परवानगी कशीबशी मिळवली होती. अट एकच, पटावर पुरेशा मुली दिसल्या पाहिजेत, नाहीतर वर्ग बंद. मुली येत नव्हत्या. म्हणून मी बाजारात वाटायला एक परचा लिहिला. परचे लिहिणं हेच माझं शिक्षण, शाळेत मी दुसरं काही शिकले असं मला वाटत नाही. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मजकूर ठासून भरला होता, आणि सुरुवात होती, 'निद्रिस्त आईबापहो, जागे व्हा.' मुनीरमियांनी तो वाचला, वर नेला, आणि खाली येऊन म्हणाले की वर बोलावलंय. मला वाटलं उस्ताद भेटणार.

जिना अंधारा होता आणि वर एकदम उजेड. तो उजेड मला नीट सांगता येत नाही. उत्तरेच्या जाळीतून येऊन तो खोलीत कुठं पडत नसे, नुसता तरंगत असे, पाण्यात दूध सोडल्यासारखा. डिंकाचा, काजळीचा आणि साबणाचा मिळून एक वास. खिडकीखाली सतरंजीवर एक दगड, ताकात हळद पडावी तशा रंगाचा, गुळगुळीत, आणि त्याच्यावर आडवी फळी टाकून त्या फळीवर मनगट टेकवून एक बाई कुंचल्यानं केसाएवढी रेघ ओढत होती. फळी यासाठी, की दगडाला नुसतं बोट लागलं तरी त्याचा तेलकटपणा दगड धरून ठेवतो आणि बोट छापून येतं. दगडावर चित्र उलटं काढायचं, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटतं. डावा हात उजवीकडे, अक्षरं आरशातल्यासारखी. ती खोलीच मला तशी वाटली. बाहेर शहागंजात टांगेवाले ओरडत होते आणि आत सगळं पलीकडच्या बाजूनं चाललं होतं, आवाज न करता.

रेघ संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. मग माझा परचा समोर धरला. माहेर देवगाव रंगारीचं, त्यामुळं मराठी तिकडची, आणि मधूनमधून घरातली दखनी.

"हे तू लिवलंस?"

"हो."

"कुणावर एवढी चिडलीस गे?"

मी सुरू झाले. सरकारवर, अंमलदारांवर, मुलींना घरात कोंडणाऱ्या बापांवर, त्यांची री ओढणाऱ्या समाजावर. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग ह्यो कागद त्यांना दे की. आयांना कायकू देतीस? त्यांनी काय केलंय तुझं?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "चांदणीच्या बाटलीवर मी 'टकल्यांनो जागे व्हा' असं लिवलं, तर कोन घेईल तेल?"

मला हसू आलं आणि त्याचा रागही आला. तेल आणि शिक्षण एकाच तागडीत घालणारी ही बाई कोण, असं वाटलं. मी तिला तसं तोंडावर म्हटलं. तिला त्याचं काही नव्हतं. ती म्हणाली, तेल असो का इल्म, बाजारात आणलंस ना, मग घेणारीला काय मिळणार ते सांग. मी सांगू लागले. स्वाभिमान. ती म्हणाली, पुढं. ज्ञानाचा प्रकाश. पुढं. मायबोलीचा हक्क. पुढं... शेवटी वैतागून मी म्हटलं, निदान सासरी गेल्यावर आईला पत्र तरी स्वतःच्या हातानं लिहील. यावर ती 'पुढं' म्हणाली नाही. कुंचला पाण्यात बुडवून तो कितीतरी वेळ हलवत राहिली. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला लिहिता येत नव्हतं. आईला काही कळवायचं तर पडद्याआडून थोरल्या दिरांच्या कारकुनाला सांगायचं आणि त्यानं लिहायचं. परक्या पुरुषाला सांगून लिहून घेण्यासारखं बाईजवळ काय असतं? प्रत्येक पत्रात एकच मजकूर जायचा, मी खुशाल आहे. एका पावसाळ्यात ती मुळीच खुशाल नव्हती, तरीही तेच गेलं.

परच्यावर मग एकच ओळ राहिली. 'लेक सासरी गेली, तरी तिचं पत्र तिच्याच हातचं येईल.' खाली बारीक अक्षरांत वर्गाचा पत्ता. बाकी सगळा कागद कोरा. त्या कोऱ्या जागेवरून मी तिच्याशी भांडले. लढाईमुळं कागद मिळत नाही, मिळतो तो चढ्या भावानं, आणि आपण तो रिकामा वाटायचा? आपा म्हणाली, "तिथं वाचनारीला बसू दे. सगळी बाज तूच अडवून ठिवलीस तर ती कुठं बसंल?"

आणि त्या रिकाम्या जागेत एक बाई येऊन बसली. ते असं झालं. एक काम संपलं की दगड वाळू आणि पाण्यानं घासतात, जुनं चित्र जातं आणि त्याच दगडावर नवं काढतात. घासण्यात कसर राहिली तर जुनं चित्र आतून धुरासारखं वर येतं. आमच्या परच्याच्या दगडावर आधी चांदणी तेलाच्या लेबलावरची बाई होती. तेव्हाची चांदणी पाठमोरी असे, मोकळे सोडलेले केस, मान किंचित वळलेली. छापून आलेल्या प्रत्येक परच्यावर, कोऱ्या जागेच्या मधोमध, तीच बाई. इतकी फिकी की कागद तिरपा केल्याशिवाय दिसू नये, आणि एकदा दिसली की नजरेआड होऊ नये. ओळीखाली ती अशी बसली होती जशी कुणाची तरी लेक, लांब कुठंतरी, गुडघ्यावर कागद ठेवून...

मी भडकले. शाळेच्या परच्यावर तेलवाली! दुसऱ्यांदा छापायला कागद नव्हता. आपा तो परचा हातात धरून जाळीशी गेली, आणि तिनं नुसतं 'राहू दे' म्हटलं. हे मुद्दाम घडलं का, असं मी तिला नंतर कितीदा तरी विचारलं. तिचं उत्तर ठरलेलं, "घासनारे आमचे हे. त्यांना इचार." मुनीरमियांना विचारलं की ते जिन्याकडं बघायचे.

बाजाराच्या दिवशी आम्ही ते परचे वाटले. आधीचे परचे मला माहीत होते, हातात घेतल्याघेतल्या त्यांची पुडी व्हायची. या परच्यांची पुडी झाली नाही. मुकुंदवाडीच्या एका बाईनं तो घडी न घालता पदराखाली धरून नेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतलं, आणि मग पुन्हा त्या बाईकडं बघत बसल्या. वर्गात मुली येऊ लागल्या. चिकलठाण्याची एक बाई लेकीला घेऊन आली ती रिकामी बाटली बरोबर घेऊनच. कागदावर चांदणी आहे म्हणजे इथं तेलही मिळणार, असा तिचा हिशेब. मी तिला समजावलं. ती म्हणाली, "बरं. लेकीला बसवते. पर तेलाचंबी बघा काहीतरी." ती लेक आज माझ्या वर्गात सगळ्यात वळणदार अक्षर काढते.

वर्ग तरला, आणि आपाची खोली जायची वेळ आली. गुलमंडीवरच्या नारायणशेटचं चांदणी तेल. त्यांच्या हातात परचा पडला आणि ते तडक छापखान्यात आले. आपली छाप दुसऱ्याच्या कागदावर गेली, आणि तीही चळवळीच्या. उद्या पोलिसांच्या अमीनसाहेबानं येऊन विचारलं तर शेटनं काय उत्तर द्यायचं? त्यांनी मुनीरमियांना बजावलं, उस्तादांना माझ्यासमोर आणा, त्यांनी समोरासमोर सांगावं की ही चूक होती, नाहीतर लेबलाचं काम मुंबईला पाठवतो. मुनीरमियां वर आले तेव्हा मी तिथंच होते. शेटचा निरोप सांगून झाला. फळी भिंतीला टेकून ठेवली होती ती त्यांनी उगाच सरळ केली.

हे एवढं मोठं का होतं, ते सांगते. घर थोरल्या दिरांचं. घरातल्या बाईनं बाजारासाठी चित्रं काढावीत हे त्यांना कधीच पटलं नव्हतं. चांदणीच्या कामावर घर चालतं म्हणून, आणि बाहेर कुणाला कळत नाही म्हणून, त्यांनी तो दगड माडीवर राहू दिला होता. शेटचं काम गेलं की दगड खाली छापखान्यात जाणार. आणि आपा काही खाली जाऊ शकत नव्हती. खाली पुरुषांचा राबता. म्हणजे दगड जिना उतरला की आपाचा कुंचला संपला. शेटला खरं सांगावं तर ते बाजारभर होणार, थोरल्या दिरांच्या कानावर जाणार, शेवट तोच. मी म्हटलं, कुणीतरी दाढीवाला आणून बसवू उस्ताद म्हणून. आपानं कुंचला खाली ठेवला. "माझ्या चित्रामागं दुसऱ्याचं थोबाड कायकू?" ती म्हणाली. मग थोडा वेळ दगडाकडं बघत राहून, "शेटला सांगा, उस्ताद मर्दांना भेटत नायत. शेटानीला धाडा."

आणि शेटाणी आल्या. ताराबाई. अंगानं भरलेल्या, नाकात मोठी नथ, जिना चढून दम लागलेला. समोर दगड, कुंचले, काजळीची वाटी, आणि बाईमाणूस. त्या इकडंतिकडं बघत राहिल्या, बहुधा पलंगाखालीही त्यांनी उस्ताद शोधले. मग त्यांची नजर आपाच्या बोटांवर गेली. नखांत काजळी होती. ताराबाई सतरंजीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या की नथ हलायला लागली.

"म्हंजे दर दिवाळीला आमचे शेट ज्या उस्तादाला तमाकूचा डबा धाडतात, तो तुम्हीच व्हय?"

आपानं मान डोलावली. तंबाखू मात्र मुनीरमियां खातात, असंही सांगितलं.

मला वाटलं, आता विनवण्या होतील. मीच भाषण करायच्या बेतात होते. पण त्या दोघींनी मला बाजूला टाकलं. ताराबाई म्हणाल्या, शेटचं मी बघते, पण माझंही एक गाऱ्हाणं आहे. ही तुमची चांदणी. लग्न होऊन आल्यापासून घरात हिचीच तारीफ. हिचे केस, हिची मान. दुकानात हीच, घरात हीच, ओसरीवर खोकी रचलेली त्यांच्यावरही हीच. माझे केस गळून हातात येतात आणि ही पाठ फिरवून बसलेली. "हिचं वय वाढवा जरा. लई वर्सं झाली, अजून तशीच हाय ती." आपा हसली नाही. तिनं विचारलं, तुम्ही स्वतः तेल कधी लावता? ताराबाई म्हणाल्या, स्वतःला कुठं वेळ मिळतो, लेकीला लावताना हाताला राहतं ते डोक्याला पुसते. आपा पुढं सरकली. मग लेक कशी बसते, मान कशी मागं घेते, आईचा कुठला गुडघा वर असतो, असं एकेक विचारत गेली. ताराबाईंनी मला धरून खाली बसवलं आणि माझ्या डोक्यावर हात चालवून दाखवला. दुपार तशी चालली होती. जाळीतून तरंगणारा उजेड, डिंकाचा वास, माझ्या केसांत एक अनोळखी प्रेमळ हात, आणि समोर आपा, डोळे अर्धे मिटून बघणारी... मी चळवळीची बाई आहे, मला असल्या गोष्टींचं वेड नाही, पण ती दुपार संपू नये असं मला वाटलं होतं.

घरी जाऊन ताराबाईंनी नवऱ्याला काय सांगितलं ते त्यांनीच पुढं आम्हाला सांगितलं. उस्ताद लई म्हातारे आहेत, रागीट आहेत, चुकीबद्दल त्यांनी कान धरले, आणि चांदणीचं नवं चित्र ते करून देणार आहेत. शेट खूश झाले. नवी चांदणी पाठमोरी नव्हती. खाली बसलेली आई, पुढ्यात लेक, लेकीची मान मागं झुकलेली, आईच्या तोंडावर दमल्याचं आणि सुखाचं मिळून काहीतरी. लेक थोडी माझ्यासारखी दिसते, पण आपानं ते कधी कबूल केलं नाही. शेट आधी कुरकुरले, तरुण बाई कुठं गेली म्हणून. मग बाटल्या हातोहात जाऊ लागल्यावर उस्तादांना काळाची नाडी कळते असं चारचौघांत सांगू लागले.

माझा संताप मात्र तिथूनच सुरू झाला. माडीवरच्या बाईचं चित्र शहरभर फिरतं आणि बाईला तो बाजार दिसत नाही. ती मलाच विचारायची. बाटल्या कुठल्या फळीवर असतात, डोळ्यासमोर का पायाशी? ऊन येतं का? लाल रंग विटला का? शेजारच्या तेलाचं लेबल कसं आहे? आणि मी सांगू लागले की डोळे मिटून घ्यायची. गुलमंडीपासून शहागंजापर्यंत मी तिला तोंडानं फिरवून आणत असे, दुकान दर दुकान, पाटी दर पाटी. मध्येच ती म्हणायची, थांब, ती पाटी हिरवी म्हनलीस ती कसली हिरवी, कोथिंबिरीची का तोत्याची? मला ठाऊक नसायचं, मग दुसऱ्या दिवशी बघून यावं लागे. असं मी या शहराकडं पहिल्यांदा नीट पाहिलं.

एकदा मला राहवलं नाही. मी एक लेख लिहून नेला. आपाचं नाव, काम, उस्तादांचं ढोंग, थोरल्या दिरांचा जुलूम, सगळं. तिला वाचून दाखवला. चांगला होता, अजूनही म्हणते. तिनं शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "तुला माझं नाव पायजे, का तुझ्या परच्याला कुनाचं तरी नाव पायजे?" मी म्हटलं, हा अन्याय आहे. ती म्हणाली, हौ, हाय. "पर तुझा लेख छापून आला की तुला शाबासकी, आन् माझा दगड खाली." मी म्हटलं, म्हणजे कायमच असं राहायचं? तिनं कुंचल्याचं टोक ओठांनी साधलं. "मेल्यावर लिव. तवा दगड खाली नेला तरी माझं काय जातंय?" असं अगदी सहज, उद्या ये म्हणावं तसं. म्हणून हे आज लिहिते आहे. मुनीरमियांना विचारलं, ते म्हणाले, तिनं सांगितलंय ना, मग लिव्हा. थोरल्या दिरांना राग येईल. येऊ दे.

यंदाच्या थंडीत तिला ताप आला तो उतरलाच नाही. शेवटची भेटले तेव्हा ती पलंगावर होती आणि दगड खिडकीखाली, ओल्या फडक्याखाली झाकलेला. हवेत बोट हळूहळू फिरत होतं, रेघ ओढल्यासारखं. मला वाटलं ग्लानीत आहे. पण ती म्हणाली, "चल, पैठणगेटाकडनं जाऊ आज." मी तिला नेलं. अत्तरवाला, कासार, नवं उघडलेलं सायकलीचं दुकान, त्याच्या पाटीवर पंख काढलेलं चाक. पंख ऐकून तिनं डोळे उघडले. "चाकाला पंख? मंग चाक कायकू?" मी हसले. तिलाही हसायचं होतं, पण खोकला आला... तिथंच आमची फेरी थांबली.

माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी नारायणशेट ताराबाईंना घेऊन भेटायला आले. मी बायकांत आतल्या दाराशी होते, बाहेरचं ऐकू येत होतं. शेट भला माणूस. रीतीप्रमाणं बोलले, घरची लक्ष्मी गेली वगैरे. मग उठता उठता आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आन् उस्ताद कसे हायेत? त्यांनी मनाला लावून घेतलं असंल."

मुनीरमियां म्हणाले, "उस्तादबी गेले."

शेट मटकन खाली बसले. एकाच घरात दोन, म्हणाले, आणि डोळे पुसू लागले. मघाशी तिच्यासाठी आले नव्हते ते अश्रू त्यांना आता आले. आत ताराबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या, आणि मला त्या भल्या माणसाचा इतका राग आला की मी दाताखाली पदर धरला.

चाळिसावा दिवस झाल्यावर मी छापखान्यात गेले. यंत्र चालू होतं, पण मुनीरमियां खाली नव्हते. माडीवर गेले तर ते खिडकीखाली सतरंजीवर, आपाच्या जागी, तिच्याच फळीवर मनगट टेकवून बसलेले. समोर दगड, त्याच्यावर तिनं काढलेली आई आणि लेक. बाटल्यांची नवी खेप निघायची होती. दगडावरची अक्षरं दुरुस्त करणं हेच मुनीरमियांचं आयुष्यभराचं काम, उलटी अक्षरं ते आपल्या बोलण्याइतकी सहज काढतात. मला बघून म्हणाले, ताराबाईंचा निरोप आलाय, आईच्या पदराच्या काठात बारीक नाव टाका म्हणून. "शेटला चष्म्याबिगर दिसत नाय, म्हनल्या."

मी शेजारी बसले. त्यांनी कुंचला भिजवला, आणि मग नुसताच धरून ठेवला. मला तेव्हा लक्षात आलं की इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी तिचं नाव ऐकलेलं नाही. अजी, सुनते क्या, घरातले... नवरे बायकोचं नाव घेत नाहीत आपल्याकडं, ना त्यांच्यात ना आमच्यात. लिहायची तर वेळ कधीच आली नसणार. ते काठावर वाकले. आधी उर्दूत, मग किंचित जागा सोडून नागरीत. झुलेखा. नाव स्वच्छ उतरलं. मला वाचता आलं, काही खटकलं नाही.

खाली नेऊन एक प्रत काढली. त्यांनी ती उजेडात धरली आणि तशीच धरून राहिले. मग मी पाहिली. आई सुलटी, लेक सुलटी, तेलाचं नाव सुलटं. आणि पदराच्या काठात जे उमटलं होतं ते अक्षरासारखं दिसत होतं पण वाचता येत नव्हतं. जन्मभर ज्या माणसानं सगळ्या शहराची नावं दगडावर उलटी लिहिली, त्यानं हे एक नाव सुलटं लिहिलं होतं. मी म्हणणार होते, घासून दुरुस्त करा. मुनीरमियांनी प्रत माझ्या हातून घेतली, घडी न घालता बाजूला ठेवली.

"दगडावर बराबर हाय," ते म्हणाले. आणि रूळ फिरवायला सांगितलं.

ती खेप आता दुकानांत आली आहे. शेटना पदराची नवी नक्षी पसंत पडली, उस्तादांचं शेवटचं काम म्हणून ते गिऱ्हाइकांना दाखवतात. तुमच्याकडं ती बाटली असेल तर काठ बघा. बघायला कुठं जायला नको. वेणी घालताना तेलाची बाटली आरशासमोर ठेवलेली असतेच. तिच्याकडं न बघता आरशात बघा.